जुन्या कॉकटेल भांड्यांचा संग्रह : काय जपावे आणि काय ओठाला लावू नये

अमेरिकेतील धर्मादाय संस्थांच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत एक मांडणी हमखास आढळते. तिच्यावर सोनेरी नक्षीचे काचेचे पेले, क्रोमियमचा मुलामा दिलेले कॉकटेल शेकर, बर्फाच्या बादल्या आणि पेय ढवळण्याच्या रंगीत कांड्या एकत्र ठेवलेल्या असतात. वरवर पाहता हा अडगळीतला माल वाटतो. परंतु अमेरिकेतील दारूबंदी, महामंदी, दुसरे महायुद्ध आणि युद्धोत्तर मध्यमवर्गाचे गृहजीवन यांच्या खुणा या वस्तूंवर उमटलेल्या आहेत. त्यामुळेच त्या शोधून जमवणाऱ्या संग्राहकांचा एक वर्ग तेथे निर्माण झाला आहे.

या छंदाची दुसरी बाजू आरोग्याशी निगडित आहे. यांपैकी कित्येक वस्तू आजचे सुरक्षाविषयक निकष अस्तित्वात येण्यापूर्वी तयार झाल्या. काहींच्या नक्षीत शिसे आणि कॅडमियम असते, तर काहींचा मुलामा झिजून आतील तांबे वा पितळ उघडे पडलेले असते. म्हणूनच जुन्या वस्तूवरील खुणा वाचता येणे हे तिचे मोल ठरवण्यासाठी जितके आवश्यक आहे, तितकेच तिच्यातून काही प्यावे की नाही हे ठरवण्यासाठीही आवश्यक आहे.

दानातून चालणारी दुकाने

‘थ्रिफ्ट स्टोअर’ या नावाने ओळखली जाणारी ही दुकाने पुराणवस्तूंच्या दुकानांपेक्षा वेगळी असतात. नागरिकांनी दान केलेल्या वस्तू तेथे अल्प किमतीत विकल्या जातात आणि त्या उत्पन्नातून संस्थेचे समाजकार्य चालते. मेथॉडिस्ट धर्मोपदेशक एडगर हेल्म्स यांनी १९०२ मध्ये बॉस्टन येथे सुरू केलेल्या कार्यातून ‘गुडविल’ ही संस्था उभी राहिली. सुखवस्तू वस्त्यांतून जुने कपडे व सामान गोळा करायचे, गरजूंना ते दुरुस्त करण्याचे काम द्यायचे आणि दुरुस्त वस्तू विकून त्यांचे वेतन भागवायचे, अशी त्यांची योजना होती. रोजगार प्रशिक्षण हे आजही या संस्थेचे प्रमुख कार्य आहे.

अशा दुकानांची दुसरी मोठी साखळी ‘साल्व्हेशन आर्मी’ची आहे. विल्यम बूथ यांनी १८६५ मध्ये लंडनमध्ये या संस्थेचा पाया घातला. १८८० मध्ये ती अमेरिकेत आणि १८८२ मध्ये मुंबईमार्गे भारतात पोहोचली. तिचे सदस्य सैनिक म्हणून दीक्षा घेताना मद्य वर्ज्य करण्याची शपथ घेतात. त्याच संस्थेच्या दुकानात कॉकटेल शेकर विक्रीस असणे हे विसंगत वाटेल. परंतु दात्याच्या घरातून जे येते तेच मांडणीवर जाते, हे या दुकानांचे स्वरूप लक्षात घेतले म्हणजे त्यात आश्चर्य उरत नाही.

या वस्तू तेथे येण्याचे कारणही साधे आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत संसार थाटलेल्या पिढीला लग्नात पेल्यांचे संच आणि शेकर भेट म्हणून मिळत असत. ती पिढी वृद्धाश्रमात वा लहान घरात राहावयास गेली किंवा काळाच्या पडद्याआड गेली, म्हणजे वारस घर रिकामे करतात. चांदीची खरी भांडी वाटून घेतली जातात आणि उरलेले काचसामान खोक्यात भरून दुकानाच्या दारी पोहोचते.

बंदीच्या काळात घरात आलेले उपकरण

कॉकटेल हा शब्द दारूबंदीपेक्षा पुष्कळ जुना आहे. न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका वृत्तपत्राने मे १८०६ मध्ये त्याची व्याख्या छापली होती. मद्यार्क, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचे मिश्रण, असा तिचा आशय होता. जेरी थॉमस यांचे मिश्र पेयांच्या कृतींचे पुस्तक १८६२ मध्ये प्रसिद्ध झाले. भांडे, गाळणे आणि टोपण अशा तीन भागांच्या शेकरचे एकस्व ब्रुकलिनच्या एडवर्ड हॉक यांना १८८४ मध्ये मिळाले. दोन शंकू टोकाला टोक जोडल्यासारखे दिसणारे मद्य मोजण्याचे छोटे माप १८९० च्या दशकात आले. मात्र ही सारी साधने तोवर प्रामुख्याने मद्यालयातील नोकराच्या हाती होती.

अमेरिकी राज्यघटनेतील अठरावी दुरुस्ती १७ जानेवारी १९२० रोजी अमलात आली आणि चित्र पालटले. या दुरुस्तीने मद्याचे उत्पादन, विक्री आणि वाहतूक यांवर बंदी घातली. घरात पूर्वीपासून असलेले मद्य पिणे मात्र गुन्हा ठरवले नव्हते. शेकर, पेले वा गाळणी यांच्या विक्रीवरही बंदी नव्हती. परिणामी, मद्यालयांना टाळे लागले आणि त्यांतील साधने घरातील दिवाणखान्यात आली. चोरट्या मार्गाने मिळणाऱ्या हलक्या मद्याची चव झाकण्यासाठी फळांचे रस आणि साखर यांचा वापर वाढला आणि हे सर्व एकजीव करण्यासाठी शेकर सोयीचा ठरला.

५ डिसेंबर १९३३ रोजी यूटा हे छत्तिसावे राज्य अनुकूल झाले आणि एकविसाव्या दुरुस्तीने बंदी संपुष्टात आली. त्या वेळी महामंदी सुरू होती. चांदीची भांडी परवडणारे ग्राहक थोडे उरले होते. दुसरीकडे, पितळेवर क्रोमियमचा मुलामा देण्याचे तंत्र कारखान्यांना अवगत झाले होते. क्रोमियम चांदीप्रमाणे काळवंडत नाही, त्यामुळे भांडे घासण्याचे कष्ट वाचत. घरात नोकर नसलेल्या मध्यमवर्गीय गृहिणीसाठी हा मोठा गुण होता. चकचकीत क्रोमियम शेकरची लाट आली ती या तीन कारणांच्या संयोगातून.

गगनचुंबी इमारत आणि पेंग्विन

या लाटेतील उत्तम वस्तू आज अमेरिकेतील कलासंग्रहालयांत पाहावयास मिळतात. ‘चेस ब्रास अँड कॉपर’ या कंपनीचा ‘गेयटी’ हा शेकर १९३३ मध्ये रेखाटला गेला. साध्या नळकांड्यासारखा घाट आणि त्याभोवती गडद रंगाच्या कड्या एवढेच त्याचे अलंकरण. धनुष्य ताणलेला अश्वमानव हे या कंपनीचे चिन्ह असून ते भांड्याच्या बुडाशी किंवा टोपणाजवळ कोरलेले असते.

नॉर्मन बेल गेडिस यांनी ‘रिव्हिअर कॉपर अँड ब्रास’ कंपनीसाठी १९३० च्या दशकाच्या मध्यास ‘मॅनहॅटन’ नावाचा संच तयार केला. उभ्या रेषांचा उंच शेकर, लहान पेले आणि पायऱ्यांची तबकडी एकत्र मांडली म्हणजे न्यूयॉर्कच्या उत्तुंग इमारतींचा आभास होतो. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात भविष्यातील महामार्गांचे भव्य प्रतिरूप उभारणारे अभिकल्पक ते हेच. ‘नेपिअर’ कंपनीचा पेंग्विनच्या आकाराचा शेकर १९३६ चा आहे. पक्ष्याची चोच हीच त्याची तोटी. त्याच्या पुढे अनेक प्रतिकृती निघाल्या. त्यामुळे पेंग्विन दिसताच तो मूळ शेकर मानण्याची घाई जाणकार करीत नाहीत.

असे नमुने दानवस्तूंच्या दुकानात क्वचितच हाती लागतात. तेथे वारंवार दिसतो तो दुसराच पेंग्विन. ‘वेस्ट बेंड’ कंपनीच्या गोलाकार बर्फाच्या बादलीवर पेंग्विनांची रांग उठावात काढलेली असते. ही बादली प्रचंड प्रमाणावर तयार झाली. म्हणूनच ती आज सहज मिळते आणि नव्या संग्राहकाची सुरुवात बहुधा तिच्यापासून होते. काचेच्या वस्तूंत ‘हेझल-अ‍ॅटलस’ कंपनीचे गर्द निळे पेले आणि शेकर प्रसिद्ध आहेत. त्यांवर पांढऱ्या रंगात शिडाची जहाजे छापलेली असतात.

महायुद्धानंतरचा घरगुती बार

अमेरिका १९४१ च्या अखेरीस युद्धात उतरली. त्यानंतर तांबे, क्रोमियम आणि इतर धातू युद्धसामग्रीसाठी राखून ठेवण्यात आले आणि शेकर तयार करणारे कारखाने युद्धोपयोगी उत्पादनाकडे वळले. १९४२ ते १९४५ या काळातील धातूचे शेकर विरळ आहेत, त्याचे कारण हेच.

युद्धानंतर उपनगरांत नवी घरे उभी राहिली. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात लहानसा बार असणे हे स्थैर्याचे लक्षण मानले जाऊ लागले. आता झोत धातूवरून काचेकडे वळला. ‘कल्व्हर’ कंपनीने बावीस कॅरट सोन्याची नक्षी असलेले पेले विकले. चंदेरी कडांच्या गोलसर पेल्यांची फॅशन आली. ते सर्रास डोरोथी थॉर्प यांच्या नावे विकले जातात. प्रत्यक्षात त्यांतील अनेक पेले इतर उत्पादकांचे असल्याचे जाणकार संग्राहक दाखवून देतात.

याच काळात पॅसिफिक महासागरातील बेटांचे कल्पनारम्य वातावरण निर्माण करणारी ‘टिकी’ उपाहारगृहे भरभराटीस आली. त्यांची सुरुवात १९३३ मध्ये हॉलिवूड येथील ‘डॉन द बीचकोंबर’ या मद्यालयापासून मानली जाते. तेथील देवमुखांच्या आकाराचे चिनी मातीचे पेले ग्राहक आठवण म्हणून घरी नेत. यांपैकी पुष्कळ पेले जपानमध्ये तयार झालेले आहेत. प्लास्टिकच्या ढवळण्याच्या कांड्यांवर हॉटेलांची आणि विमान कंपन्यांची नावे छापली जात. पॅन अमेरिकन ही विमान कंपनी १९९१ मध्ये बंद पडली. तिच्या नावाची कांडी मात्र आजही मूठभर कांड्यांच्या जुडीत सापडू शकते.

१९७० च्या दशकात जुन्या धाटणीच्या कॉकटेलचे आकर्षण ओसरले आणि ही भांडी माळ्यावर गेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून न्यूयॉर्कमधील काही मद्यालयांनी जुन्या कृतींचे पुनरुज्जीवन केले. २००७ ते २०१५ या काळात प्रसारित झालेल्या ‘मॅड मेन’ या दूरचित्रवाणी मालिकेने १९६० च्या दशकातील कार्यालयीन बार घराघरांत पोहोचवला. माळ्यावरील वस्तूंना त्यानंतर पुन्हा मागणी आली.

वय कसे ओळखावे

जुन्या वस्तूचे वय ठरवताना विक्रेत्याच्या चिठ्ठीपेक्षा वस्तूवरील खुणा अधिक विश्वसनीय असतात.

पहिली खूण एकस्व क्रमांकाची. अमेरिकेतील एकस्व क्रमांक क्रमाने वाढत जातात. १९३० सालचा पहिला क्रमांक १७,४२,१८१ होता आणि १९४० सालचा पहिला क्रमांक २१,८५,१७०. या दोहोंमधील क्रमांक भांड्यावर असेल, तर ते एकस्व १९३० च्या दशकात मिळाले, हे निश्चित होते. मात्र वस्तू त्याच वर्षी तयार झाली असे सिद्ध होत नाही, कारण तोच क्रमांक पुढे कित्येक वर्षे छापला जाई. क्रमांक सांगतो तो केवळ ‘याच्या आधी नाही’ एवढेच. बाह्य घाटासाठी दिल्या जाणाऱ्या अभिकल्प-एकस्वांची क्रमवारी स्वतंत्र असल्याने दोन्हींची गल्लत होऊ देऊ नये.

दुसरी खूण उत्पादक देशाची. ‘ऑक्युपाइड जपान’ असा शिक्का असलेली वस्तू युद्धोत्तर लष्करी ताब्याच्या काळातील, म्हणजे १९५२ पर्यंतची असते. ‘पश्चिम जर्मनी’ असा उल्लेख १९४९ ते १९९० या कालखंडाकडे निर्देश करतो.

तिसरी खूण मजकुराची. मद्याच्या बाटलीच्या काचेवर ‘ही बाटली पुन्हा विकणे वा वापरणे संघराज्याच्या कायद्याने निषिद्ध आहे’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य उठावात असेल, तर ती बाटली १९३५ ते १९६४ च्या दरम्यानची असण्याची दाट शक्यता असते. खोक्यावरील पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल, तर ते खोके १९६३ नंतरचे, कारण ही पद्धत त्याच वर्षी सुरू झाली.

चौथी खूण आकारमानाची. दारूबंदीनंतरच्या काळातील कॉकटेलचे पेले लहान असत. तीन ते चार औंस, म्हणजे सुमारे ९० ते १२० मिलिलिटर, एवढीच त्यांची धारणा असे. त्याच्या दुप्पट वा अडीचपट मोठा त्रिकोणी पेला ‘१९३० च्या दशकातील’ म्हणून पुढे केला गेल्यास शंका घ्यावी.

धातूची पारख करताना भारतीय वाचकांना परिचित असा एक भेद उपयोगी पडतो. भांड्यावर ‘ईपीएनएस’ ही अक्षरे असतील, तर ते निकेल सिल्व्हरवर चांदीचा पातळ थर दिलेले असते. निकेल सिल्व्हर म्हणजे आपल्याकडील जर्मन सिल्व्हर. तांबे, जस्त आणि निकेल यांच्या या मिश्रधातूत चांदीचा अंशही नसतो. अस्सल चांदीच्या भांड्यावर ‘स्टर्लिंग’ किंवा ९२५ असा उल्लेख असतो.

शिशाचा धोका

रंगीत व सोनेरी नक्षीचे पेले हे या संग्रहाचे सर्वांत मोठे आकर्षण आणि तेच सर्वांत मोठ्या सावधगिरीचे कारणही होय. काचेवर रंग पक्का बसावा म्हणून त्यात शिशाची संयुगे वापरली जात. लाल, नारिंगी आणि पिवळ्या छटांसाठी कॅडमियमचा उपयोग होई.

ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठाच्या एका संशोधनात, २०१७ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, नक्षी असलेली नवी आणि जुनी अशी ७२ काचपात्रे तपासण्यात आली. त्यांपैकी ५२ पात्रांत शिसे आढळले. सोनेरी नक्षीही त्याला अपवाद नव्हती. विशेष चिंतेची बाब म्हणजे काही पेल्यांत ही नक्षी ओठ टेकतात त्या कडेपर्यंत पोहोचलेली होती. अमेरिकेतील उत्पादक पेल्याच्या वरच्या कडेपासून २० मिलिमीटरचा पट्टा वेगळा मानून तेथे शिशाचे प्रमाण मर्यादित ठेवतात, ते याच कारणासाठी. १९५० आणि १९६० च्या दशकांतील पेल्यांना असा कोणताही निकष लागू नव्हता.

हा प्रश्न केवळ जुन्या वस्तूंपुरता नाही. २०१० मध्ये एका खाद्यपदार्थ साखळीने चित्रपटातील पात्रांची चित्रे असलेले सुमारे १ कोटी २० लाख पेले अमेरिकेत परत मागवले होते. त्यांच्या रंगात कॅडमियम आढळले होते.

‘क्रिस्टल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जड आणि लखलखीत काचेचा प्रश्न वेगळा आहे. तिच्यात शिसे नक्षीत नसून काचेतच मिसळलेले असते. पारंपरिक लेड क्रिस्टलमध्ये शिशाच्या ऑक्साइडचे प्रमाण २४ टक्के वा त्याहून अधिक असते. १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोर्ट वाइन क्रिस्टलच्या सुरईत चार महिने ठेवण्यात आली होती. तिच्यातील शिशाचे प्रमाण लिटरमागे ८९ मायक्रोग्रॅमवरून ३,५१८ मायक्रोग्रॅमपर्यंत गेले. येथे निर्णायक ठरतो तो काळ. एखाद्या प्रसंगी क्रिस्टलच्या पेल्यातून पेय घेणे आणि त्याच काचेच्या सुरईत ते महिनोन्‌महिने साठवणे यांत मोठे अंतर आहे. अशा सुरया शोभेसाठी ठेवाव्यात, साठवणुकीसाठी वापरू नयेत. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी क्रिस्टलचे वा जुन्या नक्षीचे कोणतेही पात्र वापरू नये, कारण शिशाचा परिणाम मुलांच्या वाढत्या मेंदूवर होतो.

घरगुती चाचणीच्या कापसाच्या कांड्या बाजारात मिळतात. परंतु अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २००७ मध्ये केलेल्या पाहणीत अशा साधनांचे निष्कर्ष भरवशाचे नसल्याचे दिसून आले होते. क्ष-किरणांवर आधारित उपकरणाने केलेली तपासणी अधिक विश्वासार्ह असते. ती शक्य नसेल, तर नक्षीदार जुना पेला पाहण्यासाठी ठेवावा, हा सोपा नियम होय.

कळकण्याचे शास्त्र

धातूच्या भांड्यांचा धोका मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक वा आमटी ठेवली की ती कळकते. आंबट पदार्थातील आम्लामुळे तांबे सुटे होऊन पदार्थात उतरते आणि त्याची चव व रंग बिघडतो. कथलाचा पातळ थर, म्हणजे कल्हई, हे रोखतो. कॉकटेलमध्ये लिंबाचा रस मुबलक असल्यामुळे हेच रसायन शेकरलाही लागू पडते. क्रोमियम वा चांदीचा मुलामा अखंड आहे तोवर तो कल्हईचे काम करतो. तो आतून उडाला, पिवळसर वा तांबूस डाग दिसू लागले, की भांड्याचे संरक्षण संपले असे समजावे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या आदर्श अन्नसंहितेनुसार, ज्यांचा सामू ६ पेक्षा कमी आहे असे पदार्थ तांब्याच्या थेट संपर्कात येऊ नयेत. आयोवा राज्याच्या मद्यनियंत्रण विभागाने जुलै २०१७ मध्ये याच नियमाकडे लक्ष वेधले. निमित्त होते ‘मॉस्को म्यूल’ या पेयाचे. व्होडका, आल्याचे पेय आणि लिंबूरस यांचे हे मिश्रण तांब्याच्या पेल्यात देण्याची प्रथा आहे. आतून निकेल वा स्टेनलेस स्टीलचे अस्तर असलेले पेले वापरण्यास हरकत नसल्याचेही या विभागाने स्पष्ट केले.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मद्य न घेणारे अनेक संग्राहक जुन्या शेकरमध्ये लिंबाचे वा कोकमाचे सरबत करण्याचा विचार करतील. परंतु धातू विरघळवणारा घटक प्रामुख्याने आम्ल हा आहे. सरबत आंबट असल्याने धोका तेवढाच राहतो.

भारताशी जोडणारे धागे

दानवस्तूंच्या दुकानात काचेचे मोठे वाडगे आणि त्याभोवती टांगलेले लहान पेले असा संच नेहमी दिसतो. तो ‘पंच’ या पेयाचा. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाऱ्यांनी व खलाशांनी भारतातून ते इंग्लंडला नेले. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला या पाच घटकांवरून, म्हणजे आपल्या ‘पाच’ या शब्दावरून, त्याला हे नाव पडले, अशी व्युत्पत्ती सामान्यतः दिली जाते.

दुसरा धागा पितळेचा. मुरादाबादच्या कारागिरांनी घडवलेल्या कोरीव तबकड्या आणि उभे पेले मोठ्या संख्येने परदेशी गेले. त्यांतील काही आज अमेरिकी दुकानांत ‘मेड इन इंडिया’ या शिक्क्यासह पाहावयास मिळतात. शोभेसाठी घडवलेल्या या भांड्यांना आतून कल्हई वा अस्तर नसेल, तर कळकण्याचा नियम त्यांनाही लागू होतो.

तिसरा धागा कायद्याचा. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये दारूबंदी कायदा केला आणि पुढे परवान्यावर आधारलेल्या मद्यविक्रीतून ‘परमिट रूम’ हा शब्द मराठीत रूढ झाला. अमेरिकेतील बंदीने दबक्या आवाजात बोलण्याच्या सूचनेवरून ‘स्पीकइझी’ हा शब्द लोकप्रिय केला. दोन्ही ठिकाणी कायद्याची आठवण बोलीभाषेत टिकून राहिली. मुंबईच्या चोर बाजारातील मटन स्ट्रीटवर जुने दिवे आणि काचसामान चाळणारा ग्राहक बुडाशी शिक्का आहे का हे पाहतो, तेव्हा तो अमेरिकी संग्राहकाच्याच पद्धतीने काम करीत असतो.

गरजूंचा बाजार आणि संग्राहकाची जबाबदारी

संग्राहकांच्या वाढत्या ओघामुळे एक वादही उद्भवला आहे. ही दुकाने अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना स्वस्त वस्तू मिळाव्यात यासाठीही आहेत. तेथून स्वस्तात वस्तू उचलून आंतरजालावर चढ्या किमतीला विकणारे व्यापारी गरजूंच्या वाट्याचे हिरावून घेतात, असा आक्षेप घेतला जातो. उलट बाजूने असे सांगितले जाते की, विक्री झालेल्या प्रत्येक वस्तूचे पैसे संस्थेच्या कार्यालाच मिळतात आणि न विकलेला माल शेवटी कचऱ्यात जातो. हिवाळी कोट वा स्वयंपाकाची भांडी यांबाबत हा आक्षेप जितका गंभीर आहे, तितका तो कॉकटेल शेकरबाबत नाही, हे मान्य करावे लागते. संस्थांनीही मौल्यवान वस्तू ओळखण्यास सुरुवात केली आहे. गुडविलचे स्वतःचे आंतरजालीय लिलाव-संकेतस्थळ १९९९ पासून कार्यरत आहे.

संग्राहकाची खरी जबाबदारी खरेदीनंतर सुरू होते. सोनेरी वा चंदेरी नक्षीचे पेले यंत्रात धुऊ नयेत. उष्णता आणि तीव्र क्षारांनी नक्षी उडते आणि रंगातील घटक मोकळे होतात. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके पुरेसे असते. पाण्यातील क्षारांनी आलेला धूसरपणा सौम्य व्हिनेगरने निघतो. नक्षी नसलेल्या साध्या पेल्यांपुरताच हा उपाय करावा. वर्षानुवर्षांच्या धुण्याने काचच झिजून पांढुरकी झाली असेल, तर ती पूर्ववत होत नाही. असा पेला स्वस्त असला तरी घेऊ नये. क्रोमियमवर खरखरीत चोथा वापरू नये. तो थर अतिशय पातळ असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट नोंदीची आहे. वस्तू कोठे व केव्हा मिळाली, तिच्यावर कोणते चिन्ह आहे आणि ती वापरण्यायोग्य आहे की केवळ पाहण्यासाठी, एवढे चार ओळींत लिहून ती चिठ्ठी वस्तूसोबत ठेवावी. आजचा संग्रहही एके दिवशी खोक्यात भरून अशाच एखाद्या दुकानात जाणार असतो. तेव्हा तो शेकर वा पेला उचलणाऱ्या अनोळखी व्यक्तीला त्याचा काळ कळावा आणि शिशाच्या नक्षीचा पेला तिने अजाणता मुलाच्या हाती देऊ नये, याची तजवीज ती चिठ्ठी करू शकते.